ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल : कंपनीचेच घ्यावे की बाहेरचे चालेल?

घाटवाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक आहे. गाडी कोल्हापुरात असते, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणे-येणे कायम चालू असते, तेही बहुतेक वेळा सर्व जागा भरून. रीडिंग लाखाच्या जवळ आले आहे. गाडी मी दुसऱ्या मालकीत घेतली असून गिअरबॉक्सचे ऑइल आधी कधी बदलले असल्याची नोंद सर्व्हिस बुकात सापडत नाही. सध्या तक्रार कोणतीही नाही, गिअर व्यवस्थित पडतात.

सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे की टोयोटाचे डब्ल्यूएस ऑइलच घालावे लागेल. आमच्या घरच्या गाड्या गेली कित्येक वर्षे ज्यांच्याकडे जातात ते मेकॅनिक मात्र एका नामांकित कंपनीचे 'मल्टी-व्हेईकल' (अनेक गाड्यांना चालणारे) एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, सुचवतात. त्याच्या कॅनवर डेक्स्रॉन, मर्कॉन, एसपी-४, डब्ल्यूएस अशी वेगवेगळ्या मोटार कंपन्यांच्या ऑइल-मानकांची मोठी यादीच छापलेली आहे, आणि दरातला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वॉरंटी केव्हाच संपली आहे. आपला अनुभव आणि त्यामागचे कारण, दोन्ही सांगावे ही विनंती.

सरळमार्ग
कंपनीचेच घाला. ऑइलमध्ये वाचतील ते काही हजार, आणि गिअरबॉक्स उघडावा लागला तर जातील ते लाख. ज्यांनी गिअरबॉक्स बनवला त्यांनीच जे ऑइल सांगितले आहे, त्यावर वेगळा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

माणदेशी
सरळमार्ग यांच्याशी मी सहमत नाही. कोणत्याही मोटार कंपनीची स्वतःची ऑइल रिफायनरी नसते. त्यांच्या नावाचे ऑइल कोणत्या ना कोणत्या तेल कंपनीकडूनच बनवून घेतलेले असते, आणि त्यात पडणारी रसायनेही जगभरात मुख्यतः चार कंपन्या पुरवतात : लुब्रिझॉल, ॲफ्टन, इन्फिनियम आणि ओरोनाइट. म्हणजे जास्तीचे पैसे आपण प्रामुख्याने लेबलासाठी आणि विक्रीच्या साखळीसाठी देतो. माझ्या कोरियन बनावटीच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही वेळा बाहेरचेच ऑइल घातले आणि गाडी आजही उत्तम चालते.

वंगणशास्त्री
माझी नोकरी वंगण तेलाच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणदेशी यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तितका बरोबर नाही. रसायने पुरवणारी कंपनी एकच असली तरी ती प्रत्येक ग्राहकाला एकच मिश्रण देत नाही. मोटार कंपनीसाठी, त्या विशिष्ट गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटवर चाचण्या घेऊन तयार केलेले मिश्रण बहुधा करारानुसार त्याच कंपनीपुरते राखून ठेवलेले असते. मल्टी-व्हेईकल ऑइलमध्ये वेगळे मिश्रण असते, आणि ते अनेक गिअरबॉक्समध्ये समाधानकारक चालावे अशा हेतूने केलेली ती तडजोड असते. तडजोड म्हणजे वाईट असे नव्हे, परंतु ती तडजोड आहे हे माहीत असावे.

एटीएफ हे नुसते वंगण नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात) इंजिनाची शक्ती पुढे नेण्याचे माध्यम तेच असते. व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑइलचा दाब कुठे जायचा ते ठरवणाऱ्या झडपांच्या खोक्यातून) दाब नेऊन क्लच दाबण्याचे काम तेच करते. प्लॅनेटरी गिअर आणि बेअरिंग यांना वंगण देणे आणि उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे हेही त्याच्याकडेच असते. आणि हे सर्व करताना क्लच प्लेट एकमेकींना घासून जेव्हा पकड घेतात, तेव्हा ती पकड किती झटक्यात आणि किती हळुवार बसावी हेही ऑइलमधली घर्षण नियंत्रित करणारी रसायनेच ठरवतात. घर्षण जास्त झाले तर गिअर धक्क्याने पडतो, कमी झाले तर प्लेट घसरत राहून तापतात. लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा क्लच) अर्धवट पकडलेल्या स्थितीत असताना, ठरावीक वेगाला, पूल ओलांडल्यासारखी जी बारीक थरथर जाणवते, तिचे मूळ बहुतेक वेळा याच रसायनांच्या झिजेत असते.

दुसरी बाब दाटपणाची. जुन्या डेक्स्रॉन-३ प्रकारचे ऑइल १०० अंश सेल्सिअसला साधारण सात ते साडेसात सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असे. डेक्स्रॉन-६ मध्ये नव्या ऑइलची कमाल मर्यादाच ६.४ ठेवली गेली, आणि टोयोटाचे डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास येते. पातळ ऑइल ढवळण्यात शक्ती कमी वाया जाते, म्हणून मायलेजसाठी सर्वच कंपन्या त्या दिशेने गेल्या, आणि व्हॉल्व्ह बॉडी व सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांची) आखणीही त्याच दाटपणावर बेतलेली असते. म्हणून 'थोडे दाट ऑइल म्हणजे जास्त संरक्षण' हा इंजिन ऑइलबाबत ऐकू येणारा समज इथे लावू नये.

माझे मत असे की ब्रँड कोणाचा हा प्रश्न मागून विचारावा. आधी हे विचारावे की या ऑइलला गिअरबॉक्स बनवणाऱ्याची लेखी मान्यता आहे का. कॅनवर 'अप्रूव्हड' किंवा लायसन्स क्रमांक असणे ही एक गोष्ट, आणि 'साठी योग्य' किंवा 'गरजा पूर्ण करते' असे छापलेले असणे ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात गिअरबॉक्स किंवा गाडी बनवणाऱ्याने चाचण्यांचे निकाल तपासलेले असतात. दुसरा प्रकार हा ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो.

जनरल मोटर्सची डेक्स्रॉन-६ ही मान्यता लायसन्सने मिळते आणि त्या कॅनवर 'जे' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. मर्सिडीज २३६.१४, २३६.१५ अशा क्रमांकांखाली मान्य ऑइलच्या याद्या प्रसिद्ध करते. झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीची टीई-एमएल ११ ही मान्य ऑइलची यादीही खुली आहे. अशा ठिकाणी यादीतले बाहेरचे ऑइल निःशंकपणे घ्यावे. टोयोटा, होंडा, निसान आणि ह्युंदाई यांची स्पेसिफिकेशन मात्र अशी सर्वांसाठी खुली नाहीत, म्हणून बाहेरच्या कॅनवर डब्ल्यूएस हे नाव दिसले तरी ते दुसऱ्या प्रकारातच मोडते. घाटवाट यांच्या मेकॅनिकनी दाखवलेली यादी या नजरेने पुन्हा वाचावी.

सरळमार्ग
वंगणशास्त्री, फार उपयुक्त माहिती दिलीत. डेक्स्रॉन-३ लिहिलेली ऑइले बाजारात अजूनही सर्रास मिळतात, त्यांचे काय?

वंगणशास्त्री
जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ चे लायसन्स २००६ च्या अखेरीस बंद केले. त्यामुळे आज त्या नावाने जे विकले जाते त्यामागे कोणाचीही चालू मान्यता नाही. त्यातले काही चांगलेही असेल, परंतु त्याची हमी फक्त विकणाऱ्याची.

माणदेशी
मान्यता आणि दावा यांतला फरक मला पटला. तरीही एक मुद्दा राहतोच. मान्यता मिळवण्यासाठी पैसे आणि वेळ लागतो, आणि ज्या कंपन्या मान्यता देतच नाहीत तिथे चांगल्या ऑइललाही 'साठी योग्य' असेच लिहावे लागणार. तो शब्द दिसला म्हणजे ऑइल हलके, असे समजणे अन्यायाचे होईल.

वंगणशास्त्री
अगदी मान्य. म्हणूनच अशा वेळी विकणारी कंपनी कोण आहे, तिचे तांत्रिक माहितीपत्रक उपलब्ध आहे का, आणि त्यात १०० अंशाचा दाटपणा दिलेला आहे का, हे पाहावे. मल्टी-व्हेईकल ऑइलमध्ये हा आकडा ब्रँडनुसार बदलतो. माहितीपत्रकच नसेल तर तो कॅन विकत घेऊ नये.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, 'आमच्याच ब्रँडचे ऑइल वापरले नाही तर वॉरंटी रद्द' अशी अट मोटार कंपनीला घालता येत नाही. तशी अट घालायची तर ते ऑइल फुकट द्यावे लागते किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडून खास सूट घ्यावी लागते. तरीही मी माझ्या होंडामध्ये होंडाचेच डीडब्ल्यू-१ घालतो. ते इथे डीलरच्या पार्ट काउंटरवर सहज मिळते, बाहेरच्या चांगल्या ऑइलपेक्षा फार महाग पडत नाही आणि ते मी स्वतः घरच्या गॅरेजमध्ये बदलतो. कायद्याने मोकळीक दिली आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही, हा माझा विचार.

कऱ्हाकाठ
आपल्याकडे असा कायदा आहे का? माझी गाडी अजून वॉरंटीत आहे आणि बाहेर ऑइल बदलले तर वॉरंटी जाईल असे मला तोंडी सांगण्यात आले आहे.

न्यायपथ
मॅग्नसन-मॉससारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, परंतु या विषयाला लागू पडणारा एक महत्त्वाचा आदेश आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना न मिळू देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात असेही निर्देश होते की ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये; त्या गॅरेजच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. काही कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली, हेही लक्षात असू द्यावे.

व्यवहारात मात्र तुम्हाला आदेशापेक्षा कागद उपयोगी पडतो. वॉरंटीच्या काळात बाहेर काम करून घेतलेच, तर ऑइलचे नाव आणि स्पेसिफिकेशन लिहिलेले पक्के बिल घ्या, रिकाम्या कॅनचे बॅच क्रमांकासह फोटो काढा, आणि तोंडी सांगितलेली प्रत्येक अट ईमेलवर लेखी मागा. ग्राहक आयोगासमोर गेलेल्या प्रकरणांत 'चुकीचे ऑइल घातले' हा आरोप आला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो की कोणते ऑइल घातले ते दाखवा.

कऱ्हाकाठ
मनःपूर्वक आभार. लेखी मागतो.

मीनल_सांगली
माझी गाडी सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) आहे. तिच्यातही हेच एटीएफ चालते का? गॅरेजमध्ये 'ऑटोमॅटिकचे ऑइल एकच असते' असे उत्तर मिळाले.

वंगणशास्त्री
मीनलताई, कृपया त्या गॅरेजला सीव्हीटीला हात लावू देऊ नका. साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटवरचे घर्षण सांभाळायचे असते, तर सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा आणि पोलादी पुली यांच्यामध्ये ऑइलचा अतिसूक्ष्म थर असतानाही पकड टिकवायची असते. पट्टा घसरू न देणारे आणि तरीही झिजू न देणारे असे ते वेगळ्या गुणधर्मांचे ऑइल असते. त्यात साधे एटीएफ पडले तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे येतात, आणि पुली खराब झाली की ऑइल बदलून काही साधत नाही. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या अलीकडच्या सीव्हीटीला एनएस-३ अशी ठरलेली नावे आहेत. सीव्हीटीबाबत मी स्वतः कंपनीच्या ऑइलखेरीज काही घालणार नाही.

मीनल_सांगली
नशीब, विचारले. धन्यवाद.

डोंगरयात्री
एएमटी असलेल्यांसाठी काही वेगळे?

पेठेतला
एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि क्लच-गिअरचे काम यंत्र करते. म्हणून त्यात एटीएफ नव्हे, मॅन्युअलला लागते ते गिअर ऑइल पडते. क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचे ऑइल वेगळे असते आणि त्याची टाकीही वेगळी असते. ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. ड्युअल क्लचवाल्यांनीही (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांनी) आपली क्लच कोरडी आहे की ओली हे आधी पाहावे. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला (त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे वेळापत्रक दिलेले असते.

माझे पुण्यात सुट्या भागांचे दुकान आहे, त्यामुळे नकली मालाविषयी लिहिणे कर्तव्य समजतो. या धाग्यात कंपनीचे ऑइल विरुद्ध बाहेरचे ऑइल अशी चर्चा चालली आहे, परंतु बाजारात तिसरा प्रकार आहे आणि तो सर्वांत घातक आहे : कंपनीच्या नावाचे नकली ऑइल. ज्या ब्रँडला मागणी आणि दर जास्त, त्याचीच नक्कल होते. त्यामुळे अनोळखी ठिकाणी फार स्वस्तात मिळणाऱ्या 'ओरिजिनल' कॅनपेक्षा नामांकित तेल कंपनीचे, अधिकृत वितरकाकडून बिलासह घेतलेले ऑइल कितीतरी सुरक्षित. झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि छपाई पाहा, आणि कॅन आपल्यासमोर फोडायला सांगा. लाल रंगावर जाऊ नका. रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो, आणि मर्सिडीजचे २३६.१५ तर निळे असते.

सरळमार्ग
पेठेतला यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. 'कंपनीचेच घ्या' म्हणताना ते कुठून घ्या हेही सांगायला हवे होते.

भीमथडी
मूळ प्रश्नाच्याही आधीचा प्रश्न विचारतो. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात हे ऑइल 'लाइफटाइम' आहे असे लिहिलेले असते. मग बदलायचेच कशाला? आणि लाख किलोमीटर झालेल्या जुन्या गाडीचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स बिघडतो, असेही ऐकले आहे.

वंगणशास्त्री
झेडएफचे उदाहरण देतो. त्यांचा ८एचपी हा आठ गिअरचा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू, जग्वार लँड रोव्हर अशा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असतो. मोटार कंपन्या त्याचे ऑइल लाइफटाइम असल्याचे सांगत आल्या, परंतु स्वतः झेडएफची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलण्याची आहे. ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याचे म्हणणे मी ग्राह्य धरतो. ऑइल तापते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. भरलेली गाडी घेऊन घाट चढताना कन्व्हर्टर लॉक न होता फिरत राहतो आणि सर्वाधिक उष्णता तेव्हाच निर्माण होते. घाटवाट यांचा वापर खडतर वापराच्या व्याख्येत निश्चित बसतो.

ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स बिघडतो या समजाला एक खरा आधार आहे. ज्या गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट आधीच झिजलेल्या असतात, तिथे ऑइलमध्ये मिसळलेल्या झिजेच्या कणांमुळे कशीबशी पकड टिकलेली असते. नवे स्वच्छ ऑइल आले की ती जाते. परंतु तो गिअरबॉक्स ऑइल बदलण्यापूर्वीच संपत आलेला असतो. गिअर उशिरा पडत असतील, रेस वाढून गाडी पुढे सरकत नसेल, ऑइलला जळका वास असेल, तर आधी तपासणी करावी. ज्या गाडीची काहीही तक्रार नाही तिला ही भीती नको.

माणदेशी
फ्लश मशिनने (दाबाने जुने ऑइल बाहेर ढकलणाऱ्या यंत्राने) एकदम सगळे बदलावे का?

यंत्रसेवा
मी छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करतो. माहिती नसलेल्या जुन्या गाडीला मी दाबाने फ्लश करत नाही. ड्रेन नट उघडून जेवढे निघते तेवढे काढायचे आणि तेवढेच नवे भरायचे, ही पद्धत सावकाश असली तरी सौम्य आहे. कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये ऑइल अडकून राहत असल्यामुळे एका वेळेला साधारण ३० ते ५० टक्केच बदलते. समजा दर वेळी ४० टक्के बदलले, तर पहिल्यांदा जुने ६० टक्के उरते, दुसऱ्यांदा ३६ आणि तिसऱ्यांदा सुमारे २२ टक्के. मधे काही आठवडे गाडी चालवायची. शक्य असेल तर पॅन (गिअरबॉक्सखालचे ऑइलचे तबक) उतरवून आतले चुंबक पुसावेत आणि फिल्टर बदलावा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे; धातूचे चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर पुढचे काम थांबवून मालकाला बोलवावे.

आता जे सांगतो त्याकडे ऑइलच्या ब्रँडपेक्षा जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. अलीकडच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. पातळी पाहण्यासाठी खाली ओव्हरफ्लो प्लग (उघडला की जादा ऑइल बाहेर सांडते असा बूच) असतो आणि ती पातळी ठरावीक तापमानालाच पाहायची असते. टोयोटाच्या अशा गिअरबॉक्सला साधारण ४० अंशांच्या थोडे वर, झेडएफला ३० ते ५० अंशांच्या दरम्यान. इंजिन चालू, गाडी सपाट जागी उचललेली, आणि ऑइलचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) दिसत असले पाहिजे. ऑइल गरम असताना पातळी लावली तर ते थंडपणी कमी पडते, आणि कमी ऑइलवर चाललेला गिअरबॉक्स महागड्यातल्या महागड्या ऑइलनेही वाचत नाही. माझ्याकडे 'ऑइल बदलल्यावर बिघाड झाला' म्हणून येणाऱ्या गाड्यांत चुकलेली पातळी हे कारण वारंवार सापडते.

न्यूजर्सीकर
यंत्रसेवा यांचा हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीलाच चिकटवून ठेवावा अशी विनंती. मी घरी काम करताना काढलेले ऑइल मापाच्या खुणा असलेल्या डब्यात ओतून तेवढेच भरतो, आणि त्यानंतर तापमान पाहून पातळी लावतो.

घाटवाट
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाबाबत माझा निर्णय असा झाला आहे. टोयोटाच्या बाबतीत बाहेरच्या ऑइलला मान्यता मिळण्याची सोय नाही, आणि एकूण खर्चात ऑइलच्या दरातला फरक धरला तरी तो वर्षांमध्ये विभागला जातो. म्हणून मी डब्ल्यूएसच घेणार आहे, तेही अधिकृत पार्ट काउंटरवरून बिल घेऊन. काम मात्र माझ्या मेकॅनिककडे करायचे की सर्व्हिस सेंटरमध्ये, हे स्कॅनरवर तापमान पाहून पातळी कोण लावते यावर ठरवीन. मेकॅनिकना आज विचारले, त्यांच्याकडे स्कॅनर आहे आणि ओव्हरफ्लो प्लगची पद्धत त्यांना माहीत आहे. ड्रेन पद्धतीनेच, टप्प्याटप्प्याने करणार.

माणदेशी
चांगला निर्णय. माझी कोरियन गाडी असली तरी पुढच्या वेळी मी माहितीपत्रक मागवून दाटपणा तपासेन, आणि तो एसपी-४ च्या जवळचा नसेल तर कंपनीचेच घेईन. टोयोटासाठी डब्ल्यूएस न मिळाल्यास दुसरा पर्याय कोणता, हे कोणी सांगेल का?

वंगणशास्त्री
टोयोटाच्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयसिन ही जपानी कंपनी बनवते आणि आयसिन स्वतःच्या नावानेही एटीएफ विकते. गिअरबॉक्स बनवणाऱ्यानेच पुरवलेले म्हणून माझी दुसरी पसंती त्याला राहील. घाटवाट, पहिल्या ड्रेनमध्ये निघालेले ऑइल थोडे पांढऱ्या कागदावर टाकून फोटो इथे द्यावा. तपकिरी झालेले असणे अपेक्षितच आहे, पण काळे आणि जळक्या वासाचे निघाले तर दुसरा ड्रेन करण्याआधी यंत्रसेवा यांच्याशी बोलून घ्या.

यंत्रसेवा
अवश्य. आणि भरण्याचा प्लग आधी सैल होतो का ते पाहा, मगच खालचा ड्रेन उघडा. वरचा अडकून बसला आणि खालून ऑइल निघून गेले, तर गाडी तिथेच उभी राहील.